झोन टूच्या नावाखाली टेम्पो : मोर्शी तालुक्यातल्या एका बेस ट्रेनिंगचे प्रकरण

मार्चच्या पहिल्या आठवड्यात सरावाच्या वहीत लागोपाठ तीन नोंदी आल्या. रविवार : ‘साडेतीन तास, सरासरी १६७ वॅट, शेवटी हार्ट रेट १६३.’ मंगळवार : ‘८ किमी धावलो. १४० हार्ट रेटला पेस ६:५०. जानेवारीत ६:१० होता.’ गुरुवार : ‘पाय जड होऊन राहिले. वॅट तर तेच आहेत, मग मीच ढिला पडलो का?’

वही लिहिणारे जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहेत. गाव मोर्शी-वरुड पट्ट्यातले, घरची संत्र्याची बाग, वय ३८, वजन ७१ किलो. गावात त्यांना गुरुजीच म्हणतात, आपणही तेच म्हणू. लक्ष्य गोव्याची ७०.३ ट्रायथलॉन, म्हणजे १.९ किमी पोहणे, ९० किमी सायकल आणि २१.१ किमी धावणे. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून बारा आठवड्यांचा बेस, म्हणजे हलक्या जोराच्या (झोन टू) लांब सरावाचा पाया, आखला होता. वरच्या नोंदी सहाव्या आठवड्यातल्या (पेस म्हणजे एका किलोमीटरला लागलेली मिनिटे). पॉवर मीटर, म्हणजे पायाची ताकद वॅटमध्ये मोजणारे यंत्र, लावूनही बेस बिघडला कसा, एवढाच या प्रकरणाचा विषय आहे. पोहण्याचा भाग अमरावतीच्या तलावावर शनिवारी उरकला जात होता, त्यात अडचण नव्हती. (धरणात एकट्याने सराव करायचा नाही, हे पहिल्याच दिवशी ठरले होते.)

साहित्य आणि जोडणी

सायकल अॅल्युमिनियमची रोड बाइक, शिमानो १०५ ग्रुपसेट, पुढे ५०-३४ दात, मागे ११-२८, क्रँक (पेडलचा दांडा) १७० मिमी. मीटर सेकंडहँड, फक्त डाव्या क्रँकवर बसणारा. गावाकडच्या वापराला हा प्रकार वाईट नाही. त्यात सीआर२०३२ सेल लागतो आणि तो मोर्शीच्या कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. उजव्या बाजूला, म्हणजे चेनरिंग आणि साखळीला, हात लावावा लागत नाही. पेडल मीटर सायकलवरून सायकलवर हलवता येतो हे खरे, पण त्यात क्रँकची लांबी हाताने भरावी लागते. १७० च्या जागी १७५ भरले की आकडा सरळ ३ टक्क्यांनी फुगतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

डावा क्रँक बसवताना दोन ठिकाणी चूक होते. आधी प्लॅस्टिकची टोपी फक्त बेअरिंगचा खेळ जाईल एवढीच, ०.७ ते १.५ न्यूटन-मीटर, फिरवायची. ती जोर लावून आवळली की बेअरिंग जाम होते. मग ५ मिमीच्या अॅलन चावीने दोन्ही बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे करत, १२ ते १४ न्यूटन-मीटरपर्यंत आवळायचे. एक बोल्ट पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलात तर पकड वाकडी बसते आणि महिनाभरात क्रँक कुरकुरू लागतो. शेवटी क्रँक हाताने पूर्ण फिरवून मीटरची डबी चेनस्टेला, म्हणजे मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या नळीला, घासत नाही ना, ते पाहायचे. गुरुजींनी हे सगळे नीट केले होते. त्यांची चूक पुढच्या पायरीवर झाली.

मीटर मोजतो काय

क्रँकच्या आतल्या बाजूवर स्ट्रेन गेज, म्हणजे ताण मोजणाऱ्या बारीक पट्ट्या, चिकटवलेल्या असतात. पायाच्या जोराने धातू केसभराहूनही कमी वाकतो, त्यानुसार गेजचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून टॉर्क, म्हणजे क्रँक फिरवणारा जोर, निघतो. टॉर्कला फिरण्याच्या गतीने गुणले की वॅट मिळतात. डाव्या बाजूचा मीटर फक्त डाव्या पायाचे वॅट मोजतो आणि सरळ दुप्पट करून दाखवतो.

धातू तापला की प्रसरण पावतो. गेजही तापमानाला दाद देतात. मीटरमध्ये यावर काही प्रमाणात भरपाई केलेली असते, पण जोर शून्य असताना आकडाही शून्य आहे का, हे त्याला अधूनमधून सांगावे लागते. यालाच झिरो ऑफसेट म्हणतात. काही मीटर चालता चालता आपले आपण शून्य धरतात. हा धरत नव्हता.

मग एवढा खटाटोप कशाला, वेगावर सराव का नको? त्याचे उत्तर याच रस्त्यावर मिळते. ७१ किलोचा स्वार, सायकल आणि भरलेल्या बाटल्या मिळून ८४ किलो धरा. सपाट रस्त्यावर वारा नसताना ताशी २५ किमी वेगाला सुमारे १०० वॅट लागतात. समोरून ताशी १० किमीचा वारा आला की त्याच वेगाला १७० च्या घरात लागतात, आणि पाठीमागून आला तर ५५. गिट्टी उघडी पडलेल्या डांबरावर चाकाचा घर्षणरोध वाढून आणखी पंधरा-वीस वॅट जातात. मार्चच्या दुपारी मोर्शीहून वरुडकडे जाताना आणि येताना ‘ताशी २५ धरून चाला’ ही सूचना एका दिशेला आराम आणि दुसऱ्या दिशेला शर्यत ठरते. वॅटमध्ये ती फसगत होत नाही. दुसरी होते.

तपास

पहिला संशय एफटीपीवर गेला. एफटीपी म्हणजे तासभर टिकू शकेल अशी अंदाजे ताकद. सगळे झोन तिच्या टक्केवारीत निघतात : झोन टू ५६ ते ७५ टक्के, झोन थ्री म्हणजे टेम्पो ७६ ते ९०. गुरुजींची चाचणी जानेवारीतली होती. पंधरा मिनिटे वॉर्मअप, मग २० मिनिटे जीव तोडून, सरासरी २४०, त्याचे ९५ टक्के २२८. कागदावर सगळे बरोबर दिसते. पण या चाचणीच्या मूळ पद्धतीत २० मिनिटांच्या आधी ५ मिनिटे पूर्ण जोर आणि मग १० मिनिटे सैल असा टप्पा असतो. स्नायूंत साठलेली झटपट ताकद आधी खर्च व्हावी आणि २० मिनिटांत बहुतांश एरोबिक, म्हणजे प्राणवायूवर चालणारी, क्षमताच मोजली जावी, हा त्याचा हेतू. ९५ टक्क्यांचा गुणक त्या थकलेल्या पायांसाठी आहे. तो टप्पा गाळून तोच गुणक लावला की एफटीपी फुगते. ज्याच्या पायात चपळ जोर जास्त, त्याची अधिकच फुगते, आणि गुरुजी कॉलेजात कबड्डी खेळलेले.

दुसरा संशय शून्यावर. वही चाळल्यावर कळले की झिरो ऑफसेट एकदाच, मीटर बसवला त्या जानेवारीच्या सकाळी अंगणात १० अंशांवर केला होता. त्यानंतर नाही. पाचव्या आठवड्यापर्यंत सराव पहाटे पावणेसहाला, ११ ते १६ अंशांत होत असल्याने हे खपून गेले. सहाव्या आठवड्यात शाळा सकाळची झाली. आठवड्यातला सराव दुपारी चारला गेला, ३६ अंशांत. रविवारही बिघडला. कृषिपंपाची थ्री फेज लाइन त्या आठवड्यात रात्रीची होती, बागेचे पाणी धरून दोनला झोपायचे, त्यामुळे लांब राइड साडेआठला सुरू होऊन बाराला संपायची.

तपासायला प्रयोगशाळा लागली नाही. किराणा दुकानातून वजनमापे खात्याचा शिक्का असलेले २० किलोचे लोखंडी वजन आणले. पद्धत अशी. सायकल स्टँडवर सरळ उभी करायची, मागचा ब्रेक पट्ट्याने घट्ट बांधायचा म्हणजे चाक आणि साखळी हलत नाही. डावा क्रँक पुढच्या दिशेला, जमिनीला समांतर, लेव्हल लावून. वजन दोरीने पेडलच्या आसाच्या बरोबर मध्यावर लटकवायचे आणि हलायचे थांबले की अॅपमध्ये टॉर्क वाचायचा. अपेक्षित उत्तर : २० × ९.८१ × ०.१७ = ३३.४ न्यूटन-मीटर. दोरी जाड असेल तर तीही तोलून धरावी. २०० ग्रॅमची दोरी म्हणजे १ टक्का.

पहाटे थंडाव्यात, ताजे शून्य करून : ३३.२. फरक अर्धा टक्का, म्हणजे गेज निर्दोष. दुपारी दोनला सावलीत तासभर ठेवून, शून्य न करता : वजनासह ३२.६, वजन काढल्यावर उणे ०.६. शून्य करून पुन्हा वजन लावले, पुन्हा ३३.२. म्हणजे मीटर खराब नव्हता. तापल्यावर त्याचे शून्य ०.६ ने खाली सरकत होते.

०.६ हा आकडा किरकोळ वाटतो. ८५ केडन्सला (मिनिटाला पेडलच्या ८५ फेऱ्या) क्रँकची गती ८.९ रेडियन प्रति सेकंद. ०.६ × ८.९ म्हणजे ५.३ वॅट. डाव्या बाजूचा मीटर दुप्पट करतो, तसा तो चूकही दुप्पट करतो, म्हणून १०.७. दुपारच्या राइडमध्ये पडदा दहा वॅट कमी दाखवत होता आणि गुरुजी तेवढे भरून काढत होते. शून्य कुठल्या दिशेला सरकेल हे प्रत्येक मीटरचे वेगळे असते. त्यामुळे ‘उन्हात दहा वॅट मिळवा’ असा नियम यातून कुणी काढू नये.

आठव्या आठवड्याच्या शेवटी, चार दिवस विश्रांतीनंतर, पहाटे ताजे शून्य करून पूर्ण पद्धतीने चाचणी झाली. २० मिनिटांना ११-१२ किमी सलग मोकळा रस्ता लागतो. संत्र्याच्या मृग बहाराचे ट्रक सुरू व्हायच्या आत तो मिळतो. कुत्रे मागे लागले तर दहा सेकंदांच्या उसळीने सरासरी बिघडत नाही, चाचणी सोडू नये. आकडा आला २२१, म्हणजे एफटीपी २१०. झोन टू १२८ ते १७१ नव्हता, ११८ ते १५८ होता.

आता रविवारची ती नोंद पुन्हा वाचायची. पडद्यावर १६७, खरे सुमारे १७८. २१० च्या हिशेबाने ८५ टक्के, टेम्पोच्या वरच्या अर्ध्यात, सलग साडेतीन तास. ताणाचा गुण, ज्याला टीएसएस म्हणतात, तो तास × तीव्रतेचा (वॅट भागिले एफटीपी) वर्ग × १०० असा निघतो. गुरुजींच्या अॅपने १८८ दाखवले होते. खऱ्या आकड्यांनी २५१ येतात. दर रविवारी साठेक गुणांचे न दिसणारे कर्ज चढत होते आणि त्याचा हप्ता मंगळवारच्या धावण्यातून कापला जात होता. ट्रायथलॉनमध्ये सायकलची चूक सायकलवर क्वचितच दिसते, ती धावताना बाहेर पडते.

पहिल्या पाच आठवड्यांतही परिस्थिती फार बरी नव्हती. तेव्हा शून्य बरोबर होते, पण १६७ म्हणजे २१० चे ८० टक्के. थंडी, ताजे पाय आणि नव्या मीटरचा उत्साह यांनी ते झाकले गेले.

उन्हाचा वाटा वेगळा काढणे

हार्ट रेट चढण्याचे सगळे खापर वॅटवर फोडणेही चूक ठरले असते. उन्हात रक्त कातडीकडे वळते, घामाने प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) घटतो, दर ठोक्याला कमी रक्त जाते आणि हृदय ठोके वाढवून भरपाई करते. हे मोजता येते. दोन तास एकसारख्या वॅटची राइड करायची, फाइलचे दोन भाग करायचे आणि प्रत्येक भागात सरासरी वॅट भागिले सरासरी हार्ट रेट काढायचे. दुसऱ्या भागात हे प्रमाण ५ टक्क्यांपेक्षा कमी घसरले तर त्या तीव्रतेला बेस पुरेसा आहे, असे ढोबळमानाने धरतात.

एकाच आठवड्यात, एकाच रस्त्यावर, ताज्या शून्यासह दोन राइड केल्या. दुपारी : पहिला तास १४८ वॅटला १३२, दुसरा १४७ ला १४३. घसरण ८.३ टक्के. पहाटे १९ अंशांत : १४८ ला १३१, मग १४७ ला १३६. घसरण ४.३ टक्के. निम्मी घसरण एकट्या उन्हाची आणि पाण्याची होती. दुपारची राइड एकटी पाहिली असती तर बेस कच्चा ठरवून आणखी महिना वाढवला असता, तोही नाहक.

घामाचा हिशेब तराजूवर केला. निघताना ७१.० किलो, दोन तासांनी अंग पुसून ६९.४, मधे प्यायले दीड लिटर, लघवी नाही. एकूण घाम ३.१ लिटर, ताशी दीड लिटरहून थोडा जास्त. शरीराच्या वजनाच्या २ टक्क्यांहून अधिक तूट. ७५० मिलीच्या दोन बाटल्या दोन तासांना पुरत नाहीत, हे तेव्हा आकड्यात कळले. पुढे फेरी अशी आखली की दर पाऊण तासाला ओळखीच्या घरी किंवा हातपंपावर बाटली भरता येईल. पाण्यात ओआरएस, एक लिटरच्या पुडीला पूर्ण एक लिटर. अर्ध्या लिटरात अख्खी पुडी घालून ‘कडक’ करण्याची सवय आपल्याकडे फार आहे, त्याने पोट ढवळते आणि पाणी उलट आतड्यात खेचले जाते. ओआरएसमध्ये लिटरला साडेतेरा ग्रॅमच ग्लुकोज असते, ते पेट्रोल नव्हे. दोन तासांच्या पुढे ताशी ५०-६० ग्रॅम कार्बोहायड्रेट वेगळे लागते. मोठे केळे साधारण २५ ग्रॅम देते, बाकी गुळाची चिक्की.

काय बदलले

झिरो ऑफसेटची सवय आधी लावली. सायकल घराबाहेर काढून १५ मिनिटे ठेवायची. खोलीत २४ अंश आणि अंगणात १४ असताना लगेच केलेले शून्य अर्ध्या तासात पुन्हा चुकते. डावा क्रँक खाली सहाच्या काट्यावर, पाय काढलेला, सायकल भिंतीला सरळ टेकलेली, मग शून्य. दुपारच्या राइडला आणखी एकदा, १५-२० मिनिटे चालवून पहिल्या थांब्यावर, कारण उन्हात उभ्या काळ्या क्रँकचे तापमान हवेच्या बरेच वर असते आणि चालू लागल्यावर उतरते. सेल बदलला की पुन्हा. मिळालेला आकडा वहीत. रोजच्या चढ-उतारापेक्षा एखाद्या दिवशी एकदम मोठी उडी दिसली तर राइड आकड्यावर करायची नाही, श्वासावर करायची : पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे.

मग पडदा. गुरुजींच्या सायकल कॉम्प्युटरवर वेग, सरासरी वॅट आणि अंतर ठळक होते. सरासरी वॅट हा बेसमधला सगळ्यात घातक आकडा. गावातून, गतिरोधकांवरून, म्हशींच्या कळपामागून जाताना तो उतरतो आणि मोकळा रस्ता लागताच माणूस तो वर चढवायला दाबतो. तो आणि वेग दोन्ही लपवले. ठेवले ते ३० सेकंदांचे वॅट, हार्ट रेट, केडन्स आणि वेळ. ३ सेकंदांचे वॅट आपल्या रस्त्यांवर इतके नाचतात की त्यांच्यामागे धावण्यातच दमछाक होते.

वॅटची मर्यादा सोबत हार्ट रेटचेही कुंपण घेऊन आली. रविवार तीन ते सव्वातीन तास, १३० ते १४५ वॅट, पण हार्ट रेट १४५ ला टेकला की वॅट सोडून द्यायचे, मग पडद्यावर १२० आले तरी चालतील. पुलाच्या किंवा नाल्याच्या छोट्या चढावर दोन मिनिटांपर्यंत १७५ ची मुभा. मंगळवारी धावण्याआधी सायकल नाही. बुधवारी ७५ मिनिटे १३०-१४०. शुक्रवारी दीड तास, त्यात १० मिनिटांचे तीन तुकडे १५० वॅटला पण ६० केडन्सवर, मोठ्या गिअरमध्ये. यात ताकद पायाला लागते आणि श्वास झोन टूमध्येच राहतो. गुडघा कुरकुरला तर हे तुकडे पहिले गाळायचे. घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागेवरच चालवायच्या स्टँडवर, करण्याचा विचार लोडशेडिंगमुळे आणि पत्र्याखालच्या उकाड्यामुळे सोडला. रविवारचा टीएसएस आता १४५ च्या आसपास यायचा, पण तो खरा असायचा.

रात्रीच्या लाइनचे काय करायचे हा प्रश्न मीटरच्या कक्षेतला नव्हता. ज्या आठवड्यात पाणी रात्रीचे, त्या आठवड्यात लांब राइड रविवारऐवजी दुसऱ्या एखाद्या सुट्टीच्या दिवशी किंवा थेट दोन तासांवर. चार तास झोपून तीन तास सायकल चालवण्यात बेस होत नाही, हे गुरुजींना पटायला वॅटपेक्षा जास्त वेळ लागला.

चिखलदऱ्याचा प्रश्न

अमरावतीकडचे सायकलवाले रविवारी परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट करतात. ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटरवर, चढ लांब, सावली बरी. गुरुजींना जायचे होते. बेसमध्ये तो करावा की नाही याचे उत्तर गिअरमध्ये आहे. ३४-२८ च्या सगळ्यात हलक्या गिअरमध्ये ६० केडन्सला वेग येतो ताशी ९.२ किमी. ८४ किलो घेऊन ८ टक्के चढावर त्या वेगाला सुमारे १८५ वॅट लागतात, म्हणजे २१० चे ८८ टक्के. यापेक्षा हळू जायचे तर केडन्स ५० वर येतो आणि गुडघ्यावर भार पडतो. तिथे झोन टू ठरवूनही राहता येत नाही. मागे ११-३४ लावले तर ३४-३४ मध्ये ६० केडन्सला १५२ वॅट पुरतात, झोन टूमध्ये बसते. १०५ च्या आखूड पिंजऱ्याच्या डिरेलरला (मागचे गिअर बदलणाऱ्या भागाला) ३० पर्यंतचेच दात झेपतात. ३४ साठी लांब पिंजऱ्याचा डिरेलर आणि नवी, लांब साखळी लागते. खर्च होईपर्यंत घाट वर्ज्य. मित्रांबरोबर जायचेच असेल तर ते टेम्पोच्या खात्यात लिहायचे आणि त्या आठवड्याचा शुक्रवार रद्द.

मधे आलेल्या किरकोळ अडचणी

अकराव्या आठवड्यात फाइलमध्ये मधेच १४० केडन्स आणि ३५० वॅट दिसले. या मीटरमध्ये केडन्स मोजायला चुंबक नाही, आतला अॅक्सेलरोमीटर (हालचाल टिपणारा सेन्सर) फिरण्याची लय ओळखतो. उखडलेल्या रस्त्यावर हादरेच लय म्हणून मोजले जातात. केडन्स जितक्या पट, वॅटही तितक्या पट. २५ मिमीच्या टायरमधला दाब ११० वरून ८५ पीएसआयवर आणला, हादरे आणि खोटे आकडे दोन्ही कमी झाले. उरलेले तुकडे फाइलमधून कापले.

दुसरे, मोटरसायकलच्या वॉशिंग सेंटरवर सायकल प्रेशरने धुतली आणि पुढचे दोन दिवस सिग्नल तुटत राहिला. सेलच्या कप्प्याची रबरी कडी सरकून आत ओल गेली होती. सेल काढून कप्पा रात्रभर कोरड्या तांदळाच्या डब्यात नव्हे, सरळ पंख्याखाली उघडा ठेवला आणि तेवढ्याने भागले. सिग्नल तुटला की तेवढा वेळ फाइलमध्ये शून्य भरते आणि सरासरी खोटी उतरते, हे वाचताना लक्षात ठेवायचे.

डाव्या-उजव्या पायाचा प्रश्न मात्र मोकळाच आहे. डावा पाय ४८ टक्के काम करत असेल तर हा मीटर कायम ४ टक्के कमी दाखवेल. स्वतःच्या सरावाला त्याने बिघडत नाही, कारण चाचणीही त्याच मीटरवर आणि झोनही त्याच मीटरवर. पण अमरावतीच्या मित्राच्या २५० शी आपले २१० ताडून पाहण्यात काही अर्थ नाही. शिवाय थकल्यावर हे प्रमाण बदलू शकते, तेव्हा तीन तासांनंतरचे दोन-तीन वॅट मनावर घ्यायचे नाहीत.

बारावा आठवडा

एप्रिलच्या मध्यावर त्याच रस्त्यावर पहाटेची तीच राइड झाली. पहिला तास १४८ वॅटला हार्ट रेट १२७, दुसरा १४७ ला १३१. घसरण ३.७ टक्के. १४० हार्ट रेटला धावण्याचा पेस ६:१५, म्हणजे जानेवारीच्या जवळ, आणि तोही पाच-सात अंश जास्त गरमीत. हे सगळे श्रेय वॅट कमी करण्याला देता येणार नाही. उन्हाची सवय व्हायला दहा-चौदा दिवस लागतात, त्यात प्लाझ्मा वाढून हार्ट रेट आपोआप उतरतो. तेवढा अवधी मधे गेलाच होता. झोपही थोडी सुधारली. पण पाय जड झाल्याची नोंद नवव्या आठवड्यानंतर वहीत नाही.

एफटीपीची चाचणी लगेच पुन्हा घेतली नाही. मे महिन्यात पहाटे साडेचारला तास-दीड तास, आठवड्यातून तीनदा, एवढेच ठरले आहे. पुढची चाचणी पावसाने हवा थंड झाल्यावर. त्याआधी कप्प्याची रबरी कडी बदलायची आणि त्यावर सिलिकॉन ग्रीसचा बारीक थर द्यायचा. २० किलोचे वजन दुकानदाराला परत गेले आहे. कडी बदलल्यावर ते एका दुपारीपुरते पुन्हा मागून आणावे लागेल.